चार चौकटींची जागा



या वेळी परीक्षणाच्या पानांवर चित्रकथा दिसतील, तेव्हा काही जणी नाक मुरडणार याची मला कल्पना आहे. आमच्या बैठकीतही "कॉमिक्स? आपल्या अंकात?" असा प्रश्न आलाच. माझं स्वतःचं कॉमिक्सशी नातं इंद्रजालमधल्या वेताळापाशी संपलं होतं. वेताळ लढायचा आणि डायना पामर वाट बघायची. अमर चित्रकथेत झाशीची राणी होती खरी, पण तिच्या शेजारी पद्मिनीचा जोहारही तितक्याच कौतुकाने रंगवलेला होता. आपल्यासाठी तिथे काही असेल असं कधी वाटलंच नाही.

मग भाचीने एकदा कॉम्प्युटरवर एक जत्रा दाखवली. ब्रिटनमधल्या झैनब अख्तर यांनी २०२१च्या ऑक्टोबरात 'शॉर्टबॉक्स'च्या नावाने ती पहिल्यांदा भरवली. मंडप नाही, गाळे नाहीत. चित्रकारांनी जत्रेसाठी म्हणून नव्याने केलेल्या छोट्या चित्रकथा महिनाभर तिथे मिळायच्या. पैसे भरायचे आणि पानं आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची. मी पाहत गेले. गोष्ट जिची, चित्रं तिचीच, अक्षरही तिचंच. पंधरा-वीस मिनिटांत वाचून व्हावी एवढीच लांबी. हा आकार माझ्या मनात बसला. आपल्याकडच्या बायकांनी याच आकारात काय केलं आहे, ते मी त्यानंतर शोधायला लागले.

फार लांब जावं लागलं नाही. डिसेंबर २०१२च्या दिल्लीतल्या घटनेनंतर तिथेच तरुण चित्रकार मुलींची एक कार्यशाळा झाली. प्रिया कुरियन आणि हॅम्बुर्गच्या 'स्प्रिंग' या स्त्री-चित्रकारांच्या गटातल्या लारिसा बेर्टोनास्को आणि लुडमिला बार्ट्‌श यांनी ती घेतली. त्यातून चौदा जणींच्या चौदा छोट्या चित्रकथांचं 'ड्रॉइंग द लाइन' हे पुस्तक 'झुबान'ने २०१५ मध्ये काढलं. पुस्तक इंग्रजीत आहे, ही त्याची मोठीच अडचण. तरी मिळवून बघा. निम्मं तर चित्रांतूनच कळतं.

हरिणी कन्नन यांच्या गोष्टीत पोटातलं बाळ बोलतं. आपण गोरी होणार की काळी या आईच्या काळजीने ती वैतागली आहे. डोहाळजेवणाला केशर-दुधाचा पेला पुढे करणाऱ्या आपल्या सगळ्या मावश्या-आत्या मला आठवल्या. त्यांत मीही आहे. सौम्या मेनन यांनी शाळेच्या भिंतीवरच्या 'आदर्श बालक' तक्त्यालाच हात घातला आहे आणि आदर्श मुलगी कशी असते याची मस्त टर उडवली आहे. दिती मिस्त्री यांची गोष्ट मुंबईच्या लोकलमधल्या बायकांच्या डब्याची. त्यात मोठं काही 'घडत' नाही, आणि तीच तिची गंमत. हेमावती गुहा यांनी घरातल्याच माणसाकडून होणारा लैंगिक अत्याचार मांडला आहे. ही गोष्ट एकटीने वाचू नका, असं मी सांगेन.

समिधा गुंजाळ यांच्या 'समडे'बद्दल मात्र आमच्यात वाद झाला. रस्त्यात छेड काढली जाणारी मुलगी त्यात कालीचं रूप घेते. चित्रं जोरकस आहेत. पण रस्त्याने नीट चालता यावं म्हणून बाईला देवी व्हावं लागणं मला खटकतं. चळवळीत यावर आपण कितीदा भांडलो आहोत! आमच्यातली सर्वांत तरुण कार्यकर्ती म्हणाली, "ताई, नावच 'कधीतरी' असं आहे. ती दिवास्वप्न बघतेय. तेवढं तरी बघू द्या तिला." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

हे सगळं आजचं फॅड नव्हे, हेही सांगायला हवं. अमेरिकेत १९७० मध्ये ट्रिना रॉबिन्स आणि मैत्रिणींनी फक्त स्त्रियांनी केलेलं पहिलं कॉमिक पुस्तक काढलं, कारण पुरुषांच्या 'बंडखोर' कॉमिक्समध्ये त्यांना जागा मिळत नव्हती आणि बलात्कार तिथे विनोदाचा विषय होता. १९७२ मध्ये 'विमेन्स कॉमिक्स' सुरू झालं. ते रखडत-थांबत १९९२ पर्यंत चाललं, सतरा अंक निघाले. संपादक दर अंकाला बदलायची. (हे वाचून आमच्या बैठकीत अर्थपूर्ण शांतता पसरली.) पहिल्याच अंकात लोरा फाउंटन यांनी एका किशोरवयीन मुलीच्या गर्भपाताची गोष्ट काढली होती. त्या वेळी आपल्याकडे गर्भपाताचा कायदा १९७१ सालीच संमत झालेला होता. तिकडे मात्र तो हक्क देशभरासाठी १९७३ मध्ये मिळाला आणि २०२२ मध्ये काढूनही घेतला गेला. पन्नास वर्षांपूर्वीची ती थोडीशी पानं पुन्हा ताजी झाली आहेत.

आता मी हे सगळं का लिहिते आहे ते सांगते. गेल्या पावसाळ्यात आमच्या सल्ला केंद्रावर एक मुलगी आली. काय झालं ते लिहून दे म्हटलं तर तासाभरात तीन ओळी लिहिल्या. त्यात मारहाणीची तारीखसुद्धा नव्हती. उठताना कागद माझ्या हातात दिला, तर मागच्या बाजूला स्वयंपाकघर काढलेलं. ओटा, त्याच्यावर उलटी पडलेली कढई, आणि दार. दाराला कडी बाहेरच्या बाजूने. तिला कोंडून ठेवत होते हे आम्हाला त्या कडीवरून कळलं. तिने ते शब्दांत सांगितलं नव्हतं, आणि आमच्या छापील अर्जात त्याला रकानाही नव्हता. (तिची परवानगी घेऊनच लिहिते आहे.) आम्ही वर्षानुवर्षं बायकांना "बोला, लिहा" म्हणत आलो. "काढा" असं कधी म्हटलंच नाही.

शरद शर्मा यांच्या 'वर्ल्ड कॉमिक्स इंडिया'ने खेड्यापाड्यांत नेमकं हेच काम केलं आहे. त्यांची रीत साधी आहे. 'ए-फोर'चे दोन कागद जोडायचे, त्यावर चार चौकटी आखायच्या, आपल्या भागातली गोष्ट आपल्या भाषेत काढायची, झेरॉक्स करायच्या आणि चावडीवर, बसथांब्यावर, शाळेच्या भिंतीवर चिकटवायच्या. चित्रकला यायला हवी अशी अट नाही. काड्यांची माणसंही चालतात.

तेव्हा पुढच्या अंकात दोन पानं तुमच्या चार चौकटींसाठी राखून ठेवली आहेत. नाव छापायचं नसेल तर तसं कळवा. कागद पांढराच घ्या, अक्षर जरा मोठं काढा, आणि शेवटी काळ्या पेनने गिरवा. पेन्सिल झेरॉक्समध्ये उमटत नाही.