अंगावर पित्त उठते तेव्हा



दोन-तीन वर्षांच्या लेकराच्या अंगावर लालसर, खाजऱ्या गांधी उठतात, काही तासांत विरतात आणि दुसऱ्या जागी पुन्हा उमटतात. आठवडाभरात हे थांबले, तर घरातील माणसे विसरून जातात. परंतु सहा आठवडे लोटूनही गांधी उठतच राहिल्या, म्हणजे प्रश्न सुरू होतात : आईने काय खाऊ घातले? कोणाची दृष्ट लागली? ही कोणत्या पापाची शिक्षा?

ह्या विकारास आपण ‘पित्त’ म्हणतो, आणि ह्या नावानेच पुष्कळ अनर्थ होतो. पोटातील पित्ताशी त्याचा संबंध नाही. त्वचेतील काही पेशी हिस्टामिन नावाचे द्रव्य सोडतात. त्यामुळे बारीक रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपतो व कातडी फुगून खाजते. थोड्या दिवसांच्या गांधींमागे लहान मुलांत बहुधा सर्दी-तापाचे विषाणू असतात. दीर्घकाळ चालणाऱ्या विकाराचे कारण मात्र बहुतेक वेळा सापडतच नाही. अन्न हे कारण क्वचितच असते. तरीही अंडे, दूध, डाळ, मासळी बंद केली जाते, आणि मूल गांधींनी नव्हे, तर अपुऱ्या अन्नाने खंगते. डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून त्याच्या ताटातील घास काढू नये. हा विकार स्पर्शाने पसरत नाही. म्हणून भावंडांना दूर ठेवण्याचेही कारण नाही.

आमसुलाच्या पाण्याने घटकाभर थंडावा वाटेल, पण तो उपचार नव्हे. सेटिरिझिनसारखे औषध डॉक्टर वय व वजन पाहून ठरवितात. ते गांधी उठल्यावरच नव्हे, तर सांगितले असेल तितके दिवस नेमाने द्यावे. गुंगी आणणारी औषधे मनाने आणून तान्ह्या मुलास देऊ नयेत.

हे किती दिवस चालेल? थायलंडमधील ९२ मुलांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी वर्षभरात सुमारे पाचांतील एक, तीन वर्षांत निम्म्याहून अधिक, तर पाच वर्षांत दोनतृतीयांश मुले ह्या त्रासातून मुक्त झाली. म्हणजे धीर हवा. निराशेचे कारण नाही.

मात्र ओठ-जीभ सुजली, श्वास घरघरू लागला, वारंवार उलट्या झाल्या किंवा मूल मलूल पडले, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. एकच गांध चोवीस तासांहून अधिक टिकली, दुखली अथवा काळानिळा डाग ठेवून गेली, किंवा ताप व सांधेदुखी असली, तरी डॉक्टरांस दाखवावे. बडोद्याच्या सर सयाजीराव जनरल रुग्णालयात आपल्या गावांतील माणसांनी संकोच न बाळगता जावे.

जन्मांधास पाहून शिष्यांनी प्रभूला विचारले होते, की पाप कोणाचे? ना ह्याचे, ना ह्याच्या आईबापांचे, असे प्रभूने सांगितले. तेव्हा सुनेकडे बोट दाखविणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हे योहानाचे नववे प्रकरण आज सायंप्रार्थनेत वाचावे. आणि रात्री मूल खाजेने रडू लागले, तर बापानेही उठून त्यास खांद्यावर घ्यावे, म्हणजे त्या माऊलीचा डोळा घटकाभर लागेल.