खिशांतला फोन आणि गांव नमुना बारा

हल्लीं घरोघरीं मोबाइल आला आहे. तरुण मंडळी तासन्‌तास त्यावर चित्रें पाहत बसतात, ही वडीलधाऱ्यांची तक्रार खोटी नाहीं. पण तेवढ्यावरून यंत्रासच दोष देणें आम्हांस उचित वाटत नाहीं. औत चांगलें कीं वाईट, हें धरणाऱ्या हातावर ठरतें.

ई-पीक पाहणीचेंच उदाहरण घ्यावें. पूर्वी गांव नमुना बारा तलाठी भरीत. एका तलाठ्याकडे अनेक गांवें, त्यांत हंगाम थोडा. त्यामुळें बांधावर न जातां पेरा लिहिला जातो, ही ओरड जुनीच होती. महसुली दप्तरांत आयुष्य गेल्यामुळें ती आम्हांस नवी नाहीं. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकऱ्यानें स्वतः शेतांत उभें राहून, पिकाचें छायाचित्र काढून नोंद करावयाची आहे. लेखणी कसणाऱ्याच्या हातीं आली, हें आम्ही इष्टच मानतों. कारण कपाशीच्या जागीं सोयाबीन लिहिलें गेल्यास नुकसानभरपाई व हमीभावाची खरेदी या दोहोंस अडथळा येतो.

परंतु पेंचच्या जंगलालगत ज्या शिवारांत रेंज मिळत नाहीं, तेथील वृद्ध खातेदारानें काय करावें? यंत्र अडलें म्हणून हक्क बुडूं नये. नेमलेल्या सहायकांनीं बांधावर यावें, व लेखी अर्जाची वाटही खुली असावी.

आपणही स्वस्थ बसूं नये. घरांतील शिकल्या मुलानें आपली नोंद होतांच शेजाऱ्याचीही करून द्यावी, आणि सात-बारा उघडून ती तपासावी. रोज तासभर चित्रें पाहणाऱ्यास हंगामांतील एक सकाळ जड नाहीं.