चुड्यांची पेटी भंगारात जाण्यापूर्वी

छत्रपती संभाजीनगरात महापालिकेचे एक संग्रहालय आहे, छत्रपती शिवाजी महाराज पुराणवस्तू संग्रहालय. तिथे जुनी शस्त्रे आहेत, चिलखत आहे, आणि त्याच छताखाली कुराणाची एक हस्तलिखित प्रतही जपून ठेवलेली आहे. ती औरंगजेबाने स्वतःच्या हाताने लिहिली असे सांगितले जाते. ज्या बादशहाने 1689 मध्ये संभाजी महाराजांना हालहाल करून मारले, त्याच्या हातची म्हणून ओळखली जाणारी ही प्रत संभाजी महाराजांच्याच नावाच्या शहरात, शिवाजी महाराजांच्या नावाच्या वास्तूत सांभाळली जाते.

रमजान हा कुराण अवतरल्याचा महिना. या दिवसांत घराघरांतून त्याचे पठण चालते, म्हणून या प्रतीची आठवण. तिचा मान राखण्यासाठी बादशहावर प्रेम असावे लागत नाही, आणि बादशहाच्या क्रौर्याचा हिशेब मांडण्यासाठी ती प्रत फेकूनही द्यावी लागत नाही. संग्रहालयाने दोन्ही गोष्टी जवळजवळ ठेवल्या, इतकेच. मोबाइलवरच्या तीस सेकंदांच्या चित्रफितीला हे जमत नाही. तिला एक खलनायक हवा असतो आणि त्याचा आजचा वारसदार म्हणून शेजारच्या गल्लीतला कोणीतरी हवा असतो.

अर्थात संग्रहालयात पाऊल टाकले की माणूस सहिष्णू होतो, असे नाही. धूळ खाल्लेली काच आणि 'तलवार, सतरावे शतक' एवढीच पाटी असेल, तर मुले पाच मिनिटांत बाहेर येऊन भेळेची गाडी शोधतात. काम करते ती पाटी. जुन्या मराठी पत्रांवरचा शुहूर सन पाहा. त्याचे आकडे अरबी शब्दांत लिहिलेले असतात: इसन्ने, सलास, अर्बा. शिवकाळातले आणि पेशवाईतले कारकून मोडीत लिहिताना वर्ष असेच मोजत. हे पाटीवर लिहिले असेल तर भाषेला धर्म चिकटवणाऱ्याला तिथे दोन मिनिटे थांबावे लागते.

पुण्याच्या दिनकर केळकरांनी गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, वज्र्या, कुलपे अशा घरगुती वस्तू जमवल्या आणि अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने उभारलेला तो सारा संग्रह 1975 मध्ये राज्य सरकारला देऊन टाकला. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेषही तिथेच उभे केले आहेत. पण महालापेक्षा अडकित्त्यांपुढे लोक जास्त रेंगाळले तर नवल नाही. अडकित्ता पाहून तो कोणत्या धर्माच्या घरातला, हे सांगता येत नाही.

संग्रामपूरकरांना पुणे दूर आणि संभाजीनगरही दूरच. जवळ आहे तो सातपुड्यातला नरनाळा. तिथल्या एका भव्य दरवाजाचे नाव महाकाली, आणि त्याच दरवाजावर अरबी लिपीत कोरीव लेख आहेत, कमळेही आहेत. तो 1487 च्या सुमाराचा, बहमनी अमलातला. तेव्हा वऱ्हाडचा कारभार पाहणारा फतेहउल्ला इमाद-उल-मुल्क पुढे स्वतंत्र झाला आणि इमादशाही स्थापन केली. फिरिश्ता हा जुना इतिहासकार सांगतो, की तो मूळचा विजयनगरकडचा हिंदू मुलगा, लढाईत कैद होऊन आलेला. नरनाळ्याला सहली जातात, मुले दरवाजाखाली फोटो काढतात. लेखात काय आहे, कोणी कोरवले, हे सांगणारा मात्र क्वचितच सोबत असतो. संग्रहालय शहरातच असते असे थोडेच आहे?

आणि जे घराघरांत आहे, ते तर दरवर्षी कमी होत चालले आहे. हा कापसाचा मुलूख. पिंजाऱ्याच्या पिंजणीतून निघालेल्या कापसाच्या गाद्या हिंदू लग्नांत रुखवतासोबत गेल्या. मणियाराने नवरीच्या हातात हिरवा चुडा भरला, आणि चुडा भरताना तिला आशीर्वाद द्यायचा मान त्याचाच होता. कारखान्याच्या गाद्या आल्या, दुकानाच्या बांगड्या आल्या. पिंजण माळ्यावर गेली, मणियाराची काचेच्या झाकणाची पेटी अडगळीत गेली, आणि दिवाळी-ईदच्या साफसफाईत दोन्ही किलोच्या भावाने भंगारात जात आहेत. त्यांच्यासोबत जाते ते रोजच्या व्यवहाराचे नाते. ते पाठ्यपुस्तकात नाही, भाषणातही येत नाही. उद्या कोणी म्हणाला, की या गावात दोन समाज कधी एकत्र नव्हतेच, तर त्याला दाखवायला हाताशी काय उरेल?

यासाठी मंत्रालयाच्या मंजुरीची वाट पाहायला नको. एखाद्या शाळेची किंवा ग्रंथालयाची एक खोली, दोन काचेची कपाटे आणि नोंदवही एवढ्यावर सुरुवात होते. पिंजण, चुड्यांची पेटी, कलईवाल्याचा भाता, मोडीतली खरेदीखते, भजनी मंडळाचे जुने पखवाज, कोणाच्या आजीचे पानदान. पाटीवर तीनच गोष्टी असाव्यात: कोणी बनवली, कोणी वापरली, कोणी दिली. ज्या आठवणी कडू आहेत त्याही नोंदवाव्यात. गोडगोड संग्रहालयावर मुले विश्वास ठेवत नाहीत. नोंदी घ्यायचे काम नववी-दहावीच्या मुलांना द्यावे, आणि मणियाराच्या घरी पाटलाच्या मुलाने जावे, पाटलाच्या वाड्यात मणियाराच्या मुलीने. ईदच्या दिवशी शिरखुर्म्यासाठी घरी येणाऱ्या शेजाऱ्यांपासून ही विचारपूस सुरू करता येईल. तोवर निदान ती पेटी भंगारवाल्याला देऊ नये.