साक्षीदार बोलतो, ऐकणार कोण?

कोर्टात उभे राहणाऱ्या प्रत्येक वकिलाला एक गोष्ट कळते. साक्षीदार खरे बोलला म्हणजे न्याय झाला असे नव्हे. साक्ष ऐकून घेणाराही लागतो. ऑशविट्झच्या नाझी छळछावणीतून जिवंत परतलेले इटालियन ज्यू रसायनतज्ज्ञ प्रिमो लेवी यांची कहाणी नेमके हेच सांगते.

लेवी १९१९ साली तुरीन शहरात जन्मले. त्यांच्या छळाची सुरुवात छावणीत झाली नाही, सरकारी कागदावर झाली. १९३८ साली मुसोलिनीच्या फॅसिस्ट राजवटीने आधी ज्यूंची शिरगणती केली, मग वंशभेदाचे कायदे केले. ज्यू मुलांना सरकारी शाळांतून काढले, प्राध्यापकांना बडतर्फ केले. १९४१ साली लेवींना पदवी मिळाली, पण त्या पदवीपत्रावर 'ज्यू वंशाचा' अशी नोंद होती! आणि हे सारे कायदेशीर होते. माणसाचे माणूसपण आधी कागदावर नाकारले जाते. मग बंदूकवाल्यांचे काम सोपे होते.

डिसेंबर १९४३ मध्ये फॅसिस्टविरोधी बंडखोरांसोबत असताना लेवी पकडले गेले. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी फोसोलीच्या छावणीतून ६५० ज्यूंना मालगाडीच्या डब्यांत कोंबून ऑशविट्झला धाडण्यात आले. तेथे ९६ पुरुष आणि २९ स्त्रिया कामासाठी निवडल्या गेल्या. उरलेले पाचशेहून अधिक जण, त्यात म्हातारे आणि लेकरेही, दोन दिवसांत संपवले गेले. लेवींच्या डाव्या हातावर १७४५१७ हा आकडा गोंदला गेला. तो दाखवल्याशिवाय पावाचा तुकडा मिळत नसे. नाव गेले, आकडा उरला.

छावणीत लेवींना पुन्हा पुन्हा एक स्वप्न पडे. ते घरी परतले आहेत, भोगलेले सारे सांगत आहेत, पण कोणी ऐकत नाही. सख्खी बहीणही उठून निघून जाते. भुकेपेक्षाही हे दुःख मोठे होते.

२७ जानेवारी १९४५ रोजी सोव्हिएत फौजांनी छावणी मुक्त केली. लेवी घरी आले, त्यांनी लिहिले, आणि स्वप्न खरे ठरले! मोठ्या प्रकाशनसंस्थेने पुस्तक नाकारले. १९४७ साली एका लहान प्रकाशकाने अडीच हजार प्रती काढल्या, त्याही पुरत्या खपल्या नाहीत. नाकारणाऱ्या त्याच संस्थेने ते १९५८ साली छापले, तेव्हा कोठे जग वाचू लागले. साक्ष तीच होती. कान अकरा वर्षांनी उघडले.

लेवी १९८७ साली गेले. आता बहुतेक साक्षीदार गेले आहेत. छळछावण्या नव्हत्याच, असे निर्लज्जपणे सांगणारे मात्र आहेत. संयुक्त राष्ट्रांनी २००५ साली २७ जानेवारी हा स्मृतिदिन ठरवला, हे चांगलेच झाले. परंतु वर्षातून एक दिवस मेणबत्ती लावून ही जबाबदारी संपत नाही. ज्याच्यावर अन्याय झाला, तो बोलत असतानाच त्याचे ऐकले पाहिजे. उशिरा ऐकलेली साक्ष इतिहासाच्या कामी येते, मेलेल्यांच्या नाही.