मत्स्यशेती आणि गड्याच्या जिवाची जबाबदारी

गेल्या कांहीं वर्षांत आपल्या राज्यांत शेततळ्यांची संख्या पुष्कळच वाढली आहे. २०१६ सालीं सरकारनें ‘मागेल त्याला शेततळें’ ही योजना काढल्यानंतर तर अवर्षणग्रस्त तालुक्यांतील माळरानांवरहि शेततळीं दिसूं लागलीं. पाणी झिरपूं नये म्हणून त्यांपैकीं पुष्कळांत प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला असतो. पाणी सांठलें म्हणजे त्यांत कटला, रोहू, मृगळ सोडून चार पैसे अधिक मिळवावे, हा विचार शेतकऱ्याच्या मनांत येणें स्वाभाविक आहे व तो स्तुत्यहि आहे. मत्स्यबीज कोणतें घ्यावें, खाद्य किती घालावें, बाजार कोठें गांठावा, याविषयीं सल्ला देणारे आतां पुष्कळ आहेत. परंतु त्या तळ्यावर राबणाऱ्या माणसाच्या जिवाविषयीं फारसें कोणी बोलत नाहीं. शेततळ्यांत बुडून मृत्यु, ही बातमी वृत्तपत्रांत वारंवार येते. वाचणारा हळहळतो, दैवाला बोल लावतो आणि पान उलटतो. आमच्या मतें हा दैवाचा प्रश्न नसून तळ्याच्या मालकाच्या कर्तव्याचा प्रश्न आहे.

विहिरीला पायऱ्या असतात, निदान एखाद्या कपारीला हात लागतो. नदीला वाळूचा उतार असतो. कागदाच्या शेततळ्याला यांपैकीं कांहींच नसतें. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल असें तळें एकास एक उतारानें खोदलें तर त्यांत सुमारें २२ लाख लिटर पाणी मावतें. ३ मीटर म्हणजे दीड पुरुषाहून अधिक खोली. बाजू ४५ अंशांत कललेल्या, आणि त्यांवर गुळगुळीत कागद. तो ओला होऊन त्यावर शेवाळ धरलें कीं तेथें पाय ठरत नाहीं व बोटेंहि रुतत नाहींत. पोहणारा मनुष्य कांठापर्यंत येतो, घसरतो, पुन्हां येतो, पुन्हां घसरतो आणि शेवटीं दमून बुडतो. म्हणून ‘आमचा गडी पट्टीचा पोहणारा आहे’ हें समाधान येथें कुचकामाचें आहे. येथें प्रश्न पोहण्याचा नसून वर चढण्याचा आहे.

केवळ पिकाला पाणी देण्यासाठीं केलेल्या तळ्यांत माणसाला उतरण्याचें कारण क्वचितच पडतें. मासे सोडले कीं तेंच तळें रोजचें कामाचें ठिकाण बनतें. खाद्य टाकणें, अधूनमधून जाळें टाकून वाढ पाहणें, मेलेले मासे काढणें, पाण्यांत हवा घालणारा एअरेटर नीट करणें व अखेर सगळे मासे ओढून काढणें, इतक्या निमित्तांनीं माणूस त्या निसरड्या कांठावर जातो. शिवाय मत्स्यशेतीचें पाणी हिरवट असावें लागतें. कोपरापर्यंत हात बुडविला असतां तळहात दिसेनासा व्हावा, अशी त्याची ढोबळ परीक्षा सांगतात. जें पाणी माशाला मानवतें, तेंच बुडालेल्या माणसाला झांकून टाकतें.

तिसरी गोष्ट वेळेची. पाण्यांतील प्राणवायु रात्रभर कमी होत जातो व पहाटेच्या सुमारास तो सर्वांत कमी असतो. मासे वर येऊन तोंडें उघडूं लागतात. अशा वेळीं एअरेटर बंद पडलेला असला, तर झोंपेंतून उठलेला गडी अंधारांत एकटाच तारा चांचपीत पाण्यापाशीं धांवतो. पाणी, वीज, अंधार आणि एकटेपणा हे चारहि धोके एकत्र यावयाची हीच वेळ. आणि मालाची काळजी सर्वांत अधिक असते तीहि हीच वेळ.

उपाय अवघड नाहींत. तळ्याभोंवतीं पुरुषभर उंचीचें कुंपण व त्याला कुलूपबंद फाटक असावें. चारहि बाजूंस बांधावर पक्के खांब रोवून, ठिकठिकाणीं गांठी मारलेले जाड दोर तळापर्यंत सोडून ठेवावे, किंवा दोराच्या शिड्या कायमच्या लावाव्या. हवा भरलेल्या दोन मोठ्या ट्यूबा, दोर बांधून, हाताशीं असाव्या. त्या दुसऱ्या कामासाठीं उचलून नेऊं नयेत. खाद्य टाकण्यासाठीं बांधावरच कठडा केलेली जागा करावी, म्हणजे कागदावर पाय ठेवण्याचें कारणच उरत नाहीं. उतरणें भाग पडल्यास कमरेला दोर बांधून उतरावें व त्याचें दुसरें टोंक खांबाला बांधून बांधावर एक माणूस उभा असावा. शेवटची ओढ करण्यापूर्वीं पाणी उपसून कमरेइतकें करावें. एअरेटरच्या जोडणीवर ३० मिलिॲम्पिअरची गळती होतांच प्रवाह तोडणारा आर.सी.सी.बी. जाणत्या वायरमनकडून बसवून घ्यावा, आणि वीज बंद केल्यावांचून कोणीं पाण्याला हात लावूं नये.

एक नियम तर प्रत्येक गड्यास व घरांतील मुलांस पाठ असावा: बुडणाऱ्याच्या मागें उडी टाकावयाची नाहीं, दोर किंवा ट्यूब फेंकावयाची. एकास वांचविण्यासाठीं दुसरा उतरतो, तोहि त्याच कागदावरून घसरतो आणि एका घरांतील दोन माणसें जातात. विजेचा धक्का बसलेल्या माणसाला शिवण्यापूर्वींहि प्रथम वीज तोडावी. बाहेर काढलेल्याचा श्वास चालत नसेल, तर तोंडानें श्वास देणें व छाती दाबणें लगेच सुरू करावें आणि दुसऱ्यानें १०८ वर गाडी बोलवावी. उलटें टांगून किंवा पोट दाबून पाणी काढण्यांत वेळ घालवूं नये.

यावर खर्चाचा आक्षेप येईल. कुंपणाला पैसा लागतो हें खरें. परंतु दोर, ट्यूबा व खांब यांचा खर्च माशांच्या खाद्याच्या कांहीं पोत्यांइतकाच आहे. कागद महाग म्हणून कोणी तो अर्ध्याच तळ्याला घालीत नाहीं. मग कुंपण व दोर हेंच तेवढें वरकड कां समजावें? दुसरा आक्षेप असा कीं मासे काढण्याचें काम मक्त्यानें दिलें म्हणजे जबाबदारी मक्तेदाराची. हेंहि आम्हांस मान्य नाहीं. मक्तेदाराचीं माणसें एक दिवस येतात. तळ्याची खोली, उतार आणि तारा कोठून गेल्या आहेत हें मालकालाच ठाऊक असतें.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधणें अवश्य आहे. २०२३ सालापासून गोपीनाथ मुंडे यांच्या नांवानें चालू असलेल्या शेतकरी अपघात अनुदान योजनेंत अपघाती मृत्यूबद्दल २ लाख रुपये मिळतात व त्यांत बुडून आलेला मृत्यूहि धरला आहे. परंतु ती योजना खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबांतील एक व्यक्ति यांच्यापुरती आहे. ज्या सालगड्याच्या घरीं सातबाराच नाहीं, तो त्या छत्राखालीं येत नाहीं. तळें आपलें, मासे आपले, नफा आपला; आणि पाण्यांत उतरणारा मात्र उघडा. ही विषमता शोभणारी नाहीं. निदान गड्याचा अपघाती विमा उतरवून त्याचा हप्ता मालकानें भरावा, हें अगदीं किमान कर्तव्य होय.

आमची सूचना अशी कीं, शेतकऱ्यांचीं मंडळें व संस्था जेथें एकत्रितपणें मत्स्यबीज मागवितात, तेथें त्यांनीं कुंपण व दोर नसलेल्या तळ्यासाठीं बीज देऊंच नये. दोन सभासदांनीं जाऊन तळें पाहावें, दोर ओढून खात्री करावी व मगच मागणी नोंदवावी. पीककर्ज देतांना जामीन मागतात, त्याचा कोणाला राग येत नाहीं. मग माणसाच्या जिवासाठीं इतका जामीन मागितला तर त्यांत गैर काय? पुढील पावसाळ्यापूर्वीं, तळीं रिकामीं असतांना, हें काम सहज होण्यासारखें आहे. पाणी भरल्यावर तेंच काम जोखमीचें होतें. सभासद बंधूंनीं याचा विचार करून आपल्या तळ्यापासूनच आरंभ करावा, अशी आमची आग्रहाची विनंति आहे.