मोहिनीविद्या मांत्रिकाच्याच हातीं कां?

हिंगोली येथें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघालें, ९ ऑक्टोबर २०२४ रोजीं त्याचें उद्घाटन झालें आणि शंभर जागांस मान्यता मिळाली, ही गोष्ट या जिल्ह्याच्या इतिहासांत लहान नव्हे. १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखालीं असलेल्या आणि १ मे १९९९ पर्यंत परभणीच्या पोटांत असलेल्या या मुलखाला दुखणें बळावलें कीं नांदेडची वाट धरावी लागे. इमारती, खाटा व यंत्रें यांची चर्चा इतरत्र पुष्कळ होईल. आम्हांस आज एका निराळ्याच विषयाकडे महाविद्यालयाच्या चालकांचें लक्ष वेधावयाचें आहे. तो ऐकतांच आमचे कांहीं वाचक हंसतील व कांहीं बिचकतील. तो विषय म्हणजे संमोहन-चिकित्सा.

जे हंसतील त्यांनीं उत्सवाच्या मंडपांत हा खेळ पाहिलेला असतो. कोणी जादूगार दहावीस तरुणांना झोपवितो, कच्चा कांदा सफरचंद म्हणून खावयास लावतो, आणि मंडप टाळ्यांनीं दुमदुमतो. जे बिचकतील त्यांच्या डोळ्यांपुढें याहून भयंकर चित्र असतें. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांत भानामती हा शब्द ठाऊक नाहीं असें घर विरळा. सासुरवाशीण एकाएकीं कुत्र्यासारखी भुंकूं लागते. एकीचें पाहून शेजारची तसेंच करूं लागते. गांव घाबरतें आणि देवऋष्याला बोलावणें जातें. त्या बाईवर कोणीं करणी केलेली नसते. जें दुःख तोंडानें सांगण्याची तिला घरांत सोय नाहीं, तें तिचें शरीर भोंवतालच्या समजुतींनीं शिकविलेल्या भाषेंत बोलूं लागतें. आणि देवऋष्याच्या धुपानें, अंधारानें व घुमणाऱ्या शब्दांनीं ती कधीं कधीं शांतही होते, हें आपण सुधारणावाद्यांनीं मोकळेपणें मान्य केलें पाहिजे. त्याच्या दैवताचा त्यांत कांहीं संबंध नाहीं. मनुष्याचें लक्ष एका ठिकाणीं गोळा झालें, आणि ज्याच्यावर त्याचा विश्वास आहे अशानें त्याला कांहीं सुचविलें, तर शरीर तें पुष्कळ अंशीं ऐकतें, एवढेंच त्यांतलें रहस्य. हें रहस्य मांत्रिकाला कळावें आणि डॉक्टराला शिकविलें जाऊं नये, असें कां?

कायद्यानें आपलें काम केलें आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत खून झाला. त्यापाठोपाठ वटहुकूम निघाला व त्याच वर्षाच्या डिसेंबरांत जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळानें संमत केला. भूत उतरविण्याच्या निमित्तानें मारहाण करणें, मिरचीची धुरी देणें, साप-विंचू चावलेल्याला औषधोपचारापासून अडविणें हे आतां गुन्हे असून त्यांस सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कारावास आहे. परंतु कायदा मांत्रिकाला पाटावरून उठवूं शकतो. त्या रिकाम्या पाटावर वैद्याला बसविणें कायद्याच्या हातीं नाहीं. ती बाई रुग्णालयांत गेली तर काय होतें? नाडी पाहिली जाते, रक्त तपासलें जातें, सर्व ठीक निघतें, ताकदीच्या गोळ्या मिळतात आणि ‘तुला कांहीं झालेलें नाहीं’ असें सांगून तिची बोळवण होते. तिला कांहींतरी झालेलें आहे हें मान्य करणारा एक देवऋषीच उरतो. मग ती कोणाकडे परत जाईल?

ही विद्या सर्वस्वी पाश्चात्यांची, अशी आपली समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. व्हिएन्नाचा डॉक्टर मेस्मर अठराव्या शतकांत सांगे कीं, एक चुंबकीय प्रवाह देहादेहांतून वाहतो आणि आपण तो वळवून रोग्यास बरें करतों. १७८४ सालीं फ्रान्सच्या राजानें चौकशीमंडळ नेमलें. बेंजामिन फ्रँक्लिन व लाव्हाझिए यांच्यासारखे पंडित त्यांत होते. असा प्रवाह मुळींच नाहीं, जें घडतें तें कल्पनेच्या बळानें घडतें, असा त्यांनीं निकाल दिला व प्रकरण मिटविलें. पण कल्पनेच्या बळानें मनुष्याचें दुखणें हलतें, ही काय क्षुल्लक गोष्ट झाली? हा प्रश्न पुढें नेणाऱ्यांत जो अग्रगण्य, तो गोव्याच्या बारदेशांतील कांदोळी गांवीं ३१ मे १७५६ रोजीं जन्मला. त्याचें नांव जुझे कुस्तोदियु द फारिया. जग त्याला आबे फारिया म्हणून ओळखतें. लिस्बनला राणीपुढें प्रवचनास उभा राहिला असतां त्याची वाचा बसली. तेव्हां जवळ असलेल्या बापानें कोंकणींत हळूच सांगितलें कीं, ही समोरची सारी भाजी आहे, काप ती भाजी. आणि त्याची जीभ मोकळी झाली, अशी आख्यायिका गोव्यांत आजही सांगतात. पुढें १७८७ च्या पिंटोंच्या कटाच्या वेळीं बापलेकांवर सरकारचा संशय बसला व फारिया फ्रान्सला गेला.

पॅरिसमध्यें १८१३ सालापासून त्यानें जाहीर प्रयोग केले. मनुष्याला खुर्चींत बसवावें, डोळे मिटावयास सांगावें, आणि अधिकारवाणीनें ‘झोपा’ म्हणावें. ना लोहचुंबक, ना भारलेलें पाणी. या निद्रेचें कारण निजविणाऱ्यांत नसून निजणाऱ्यांत आहे, हा त्याचा सिद्धांत; आणि मेस्मरच्या मताहून आजचें शास्त्र याच्याच अधिक जवळ आहे. पॅरिसकरांनीं त्याला काय दिलें? एका नटानें झोपल्याचें सोंग करून त्याची फजिती केली, रंगभूमीवर त्याचें प्रहसन झालें, आणि १८१९ सालीं, त्याचा ग्रंथ बाहेर पडला त्याच सालीं, तो निवर्तला. पणजीस जुन्या सचिवालयाशेजारीं १९४५ सालीं त्याचा पुतळा उभारण्यांत आला. सहलीला गेलेलीं मराठी कुटुंबें त्यापुढें छायाचित्र काढतात व हा कोणी जादूगार असावा असें समजून समुद्राकडे वळतात.

बंगालची कथा आणखीच बोधप्रद आहे. हुगळी येथें जेम्स एस्डेल या सरकारी डॉक्टरानें ४ एप्रिल १८४५ रोजीं तुरुंगांतील एका बंदिवानावर मोहनिद्रेंत शस्त्रक्रियेचा प्रयोग केला. पुढें शेंकडों रुग्णांवर, कित्येक शेर वजनाच्या गांठी कापण्यापर्यंत, त्याची मजल गेली. बंदिवानाची संमति ती किती खरी, हा प्रश्न आमच्यासारख्या वकिलीच्या धंद्यांत मुरलेल्या माणसास पडल्यावांचून राहत नाहीं. शिवाय रोग्याजवळ तासन्‌तास बसून हात फिरविण्याचें कष्टाचें काम एस्डेलचे हिंदी मदतनीस करीत. इतिहासांत नांव मात्र एकट्या एस्डेलचें राहिलें. सरकारनें समिति नेमली व कलकत्त्यास प्रयोगासाठीं रुग्णालय दिलें. पण १८४६ च्या ऑक्टोबरांत बोस्टन येथें ईथरचा व १८४७ च्या नोव्हेंबरांत एडिंबरो येथें क्लोरोफॉर्मचा शोध लागला. दोन मिनिटांत जें औषध गुंगी आणतें त्याच्यापुढें दोन तासांची विद्या टिकावी कशी? त्याच क्लोरोफॉर्मनें कांहीं रोगी टेबलावरच कां दगावतात, याची मोठी चौकशी १८८८ व १८८९ सालीं झाली ती हैदराबादेस, निजामाच्या पैशानें. हिंगोली त्या वेळीं त्याच राज्यांत होती. म्हणजे हा मुलूख त्या इतिहासाला अगदींच परका नाहीं.

आतां आजच्या शास्त्राचें म्हणणें पाहूं. १९९७ सालीं माँट्रियल येथील संशोधकांनीं माणसांचे हात ऊन पाण्यांत ठेवून, संमोहनांत कधीं ‘हें अधिक असह्य आहे’ तर कधीं ‘हें सुसह्य आहे’ असें सुचविलें, आणि मेंदूचीं चित्रें घेतलीं. वेदनेचा त्रास जेथें जाणवतो त्या भागाची हालचाल सूचनेप्रमाणें बदललेली दिसली. तेव्हां हें केवळ सोंग नव्हे. पोटाचें एक जुनाट दुखणें आहे, ज्यास इरिटेबल बॉवेल सिंड्रोम म्हणतात. पोट कळा मारतें, कधीं जुलाब, कधीं मलावरोध, आणि तपासणींत कांहींच सांपडत नाहीं. औषधांनीं हटलेल्या अशा ३० रोग्यांवर मँचेस्टर येथें १९८४ सालीं प्रयोग झाला. संमोहन केलेले रोगी इतरांहून कितीतरी सुधारले. वर्षभर औषधें घेऊन गुण न आल्यास असे मानसोपचार, त्यांत संमोहनही, विचारांत घ्यावे, असें ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शक संस्थेनें २००८ सालीं सांगितलें. हॉलंडमध्यें ३५४ रोग्यांवर झालेला प्रयोग २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत उपचारानंतर एकेकट्यास दिलेल्या संमोहनानें शेंकडा सुमारें ४०, गटानें दिलेल्या संमोहनानें शेंकडा सुमारें ३३, आणि नुसत्या माहिती व आधारानें शेंकडा सुमारें १७ लोकांस पुरेसा आराम वाटला. हे आंकडे चमत्काराचे नाहींत, म्हणूनच आम्हांस ते विश्वासार्ह वाटतात. ज्या जिल्ह्यांत मनाचे डॉक्टर बोटांवर मोजावे लागतात तेथें एका वेळीं आठदहा जणांस हा उपचार देतां येतो, ही गोष्ट तर अधिकच मोलाची. स्तनाच्या शस्त्रक्रियेपूर्वीं पंधरा मिनिटांचें संमोहन दिल्यानें वेदना व मळमळ कमी झाली आणि खर्चही वांचला, असें न्यूयॉर्कमधील २०० स्त्रियांवरील प्रयोगांत २००७ सालीं दिसलें. बेल्जममध्यें लिएज येथें १९९२ पासून सौम्य औषधांच्या जोडीला संमोहन देऊन हजारों शस्त्रक्रिया झाल्या आहेत.

याचा अर्थ असा नव्हे कीं, संमोहनानें अपेंडिक्स बरें होईल, क्षय हटेल किंवा मधुमेह जाईल. तसें सांगणारा मनुष्य, गळ्यांत रुद्राक्ष असो वा स्टेथोस्कोप, भोंदूच समजावा. विडी-सिगारेट सोडविण्याची हमी देणाऱ्या जाहिराती पुष्कळ दिसतात. इतर उपायांहून संमोहन सरस आहे असें २०१९ सालच्या मोठ्या आढाव्यांत आढळलें नाहीं. ज्यास भास होतात, ज्याचें वास्तवाचें भान सुटलें आहे, त्याच्यावर हा प्रयोग करणें धोक्याचें आहे. आणि ‘पूर्वजन्म’ दाखविण्याचा जो धंदा शहरांत फोफावला आहे त्याची तर चीड यावी. सूचनेच्या अमलाखालीं असलेलें मन जी आठवण मागाल ती घडवून देतें. न घडलेला प्रसंगही घडला असें शपथेवर सांगतें. ज्याला न्यायालयांत साक्षीपुरावा तोलावयाची संवय आहे, त्यास हें निराळें समजावून सांगावयास नको.

मग हा उपचार करावा कोणीं? २५ नोव्हेंबर २००३ रोजीं केंद्र सरकारच्या आरोग्य खात्यानें एक आदेश काढला आहे. इलेक्ट्रोपथीसारख्या अनेक पद्धति तज्ज्ञांच्या समितीनें नाकारल्या. ॲक्युपंक्चर व संमोहन-चिकित्सा हे उपचारप्रकार मात्र नोंदणीकृत डॉक्टरांस अथवा योग्य प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तींस करूं द्यावे, असें तिनें सांगितलें. ‘योग्य प्रशिक्षण’ म्हणजे किती महिन्यांचें, कोणापाशीं, कोणत्या परीक्षेनें? या दोन शब्दांच्या फटींतून आठवड्याच्या शिबिराचें प्रमाणपत्र भिंतीवर लावणारे पुष्कळ लोक आंत शिरले आहेत. ज्याची व्याख्या नाहीं त्याचा भंगही सिद्ध करतां येत नाहीं. दिल्लीनें व्याख्या करावी हें खरें. पण दिल्लीची वाट पाहत बसणें हा आपला जुनाच रोग आहे. ब्रिटिश मेडिकल असोसिएशननें वैद्यकीय विद्यार्थ्यांस या विषयाचें मूलभूत शिक्षण द्यावें अशी शिफारस १९५५ सालींच केली.

हिंगोलीच्या महाविद्यालयास यांत एक सोय अशी आहे, कीं मुंबईच्या मोठ्या रुग्णालयालाही ती नाहीं. या उपचाराचें औषध म्हणजे शब्द. आणि तो शब्द रोग्याच्या आईच्या तोंडचा असावा लागतो. कळमनुरीच्या शेतकरणीला पुस्तकी मराठींत किंवा दुभाष्याकरवीं ‘शिथिल व्हा’ म्हटल्यानें तिच्या कपाळाची आठीही हलणार नाहीं. वसमत-सेनगांवच्या बोलींत, तिच्या शिवारांतल्या सांवलीचें व विहिरीच्या पाण्याचें चित्र उभें करणारा डॉक्टर तिला पाहिजे, आणि असे विद्यार्थी याच महाविद्यालयांत मिळणें शक्य आहे. यास यंत्र लागत नाहीं, निविदा काढावी लागत नाहीं. एक शांत खोली, दाराला पडदा, बाईबरोबर तिच्या विश्वासाची दुसरी बाई, आणि लेखी संमति एवढें पुरे. २०२४ ची पहिली तुकडी २०२९ च्या सुमारास अंतिम परीक्षेस बसेल. मनोविकार व बधिरीकरण या दोन विभागांनीं प्रत्येकी एक अध्यापक हें शास्त्र रीतसर शिकून येण्यास आतांच धाडला, तर त्या मुलांना तें वेळेवर शिकवितां येईल.