पारदर्शक बाटलीची पात्रता

अकलूजच्या परिसरातील एखादा ऊसबागायतदार मूळ डब्यातील कीटकनाशक पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओतून शेजाऱ्याच्या हवाली करतो, तेव्हा केवळ पारदर्शकतेवरून तो तिची पात्रता गृहीत धरतो. परंतु पाणी आणि गोडेतेल निमूटपणे सांभाळणारे या बाटलीचे पीईटी प्लास्टिक तीव्र कॉस्टिक सोड्यापुढे हळूहळू विघटित होते, आणि काचेसारखे नितळ पॉलिस्टायरीन तर अ‍ॅसिटोनमध्ये मऊ पडते, इतकेच काय, संत्र्याच्या सालीतील तेलात चक्क विरघळते. बाटलीच्या तळाशी त्रिकोणात कोरलेला, प्लास्टिकचा प्रकार सांगणारा १ किंवा ६ हा अंक वाचण्याची तसदी कोणी घेत नाही, हा भाग अलाहिदा! म्हणूनच झायलीनसारख्या द्रावकात सिद्ध केलेली कीटकनाशके मूळ डब्याबाहेर काढूच नयेत, आणि सुटे अ‍ॅसिड विकणाऱ्या दुकानदारास अनुरूप, नामपट्टी लावलेल्या पात्राची सक्ती नगरपरिषदेने करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.